मजल्यावर मजले चढवणारं मॉस: फिनलंडच्या जंगलात ते कसं शोधायचं, ओळखायचं आणि त्याची वर्षं कशी मोजायची

फिनिश शिकायला बसण्याआधीच ‘केर्रोस’ हा शब्द तोंडी बसतो. इमारतीच्या पाटीवर, लिफ्टमध्ये, घर भाड्याने बघताना, सगळीकडे तो भेटतो. अर्थ साधा: मजला. तोच शब्द जंगलातल्या एका मॉसच्या नावात आहे, हे मात्र मला इथे येऊन चार वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

ते मला आईमुळे कळलं. ती पहिल्यांदा हेलसिंकीशेजारच्या एस्पोला आली तेव्हा आम्ही तिला नूक्सिओच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेलो. चढ चढून दम लागला म्हणून ती एका दगडावर टेकली आणि शेजारचा हिरवा गालिचा निरखत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “अगं, हे बघ. एकावर एक मजले चढवलेत. एक, दोन, तीन, आणि हा चौथा आत्ता बांधायला घेतलाय.”

घरी येऊन शोधलं. त्याचं फिनिश नाव ‘मेत्सॅकेर्रोससम्मल’. मेत्सॅ म्हणजे जंगल, केर्रोस म्हणजे मजला किंवा थर, सम्मल म्हणजे मॉस. नॉर्वेतही त्याला मजल्यांचं मॉसच म्हणतात. आईला यातली एकही भाषा येत नाही. तिने फक्त नीट पाहिलं होतं.

त्यानंतर गेली काही वर्षं मी या एकाच वनस्पतीच्या मागे आहे. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, स्कॉटलंड किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि सुटीत जंगलात जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे लिहिते आहे. सूक्ष्मदर्शक नको, वनस्पतिशास्त्राची पदवी नको. मॉस ओळखायला सुरुवात करायची तर यासारखी सोपी जात दुसरी नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू

मराठीत आपण विहिरीच्या पायरीवरच्या निसरड्या थरालाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात गडाच्या भिंतीवर उगवणाऱ्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. पहिलं बहुतेक वेळा शैवाल असतं. दुसरी खरीखुरी वनस्पती: तिला बारीक खोड असतं, पानं असतात, फुलं आणि बिया नसतात, आणि मुळांच्या जागी फक्त धरून ठेवायला धागे, म्हणजे मूलाभ असतात. शाळेत ब्रायोफायटाच्या धड्यात फ्युनारियाची आकृती काढली होती ना, ती ही मंडळी. मराठीत त्यांना हरिता असाही शब्द आहे, पण बोलताना सगळे मॉसच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आपल्या मॉसचं शास्त्रीय नाव हायलोकोमियम स्प्लेंडेन्स. स्प्लेंडेन्स म्हणजे चकाकणारं. १८०१ साली योहान हेडविग यांच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. वाळलं की त्याच्यावर खरोखर रेशमासारखी झाक येते.

कधी जायचं, बरोबर काय घ्यायचं

दक्षिण फिनलंडात बर्फ वितळला की एप्रिलअखेरपासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत केव्हाही चालतं. मला विचाराल तर दोन वेळा उत्तम. एक, मे-जून, कारण तेव्हा नव्या मजल्याचे कोंब दिसू लागतात. दुसरी, सप्टेंबरातला पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस, कारण तेव्हा प्रत्येक फांदी पाणी पिऊन पूर्ण उघडलेली असते. जुलैच्या कोरड्या आठवड्यात गेलात तर मॉस चुरमुऱ्यासारखं वाजतं आणि आकार नीट कळत नाही. अशा वेळी पाण्याची छोटी फवारा बाटली कामाला येते. चार-पाच फवारे मारा, थोडा वेळ थांबा, फांद्या आपसूक पसरतात.

सामान थोडंच: दहा पटीचं भिंग, पांढऱ्या कागदाचा तुकडा, छोटी पट्टी, वही, गुडघ्याखाली घ्यायला जाडसर प्लास्टिक. गुडघ्यावर बसायची तयारी हवी, उभ्याने हे मॉस कळत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. गवतातून, झुडपांतून फिरायचं असल्यामुळे पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते तपासा. इथल्या गोचिडांमुळे बोरेलिओसिस (लाइमचा आजार) आणि मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. दक्षिणेच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर तर विशेष जपावं.

आधी झाडं बघा, मग जमीन

नवखा माणूस वाटेवरूनच खाली बघत चालतो आणि दिसेल त्या हिरव्याला हात लावतो. त्यापेक्षा आधी मान वर करा. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं, म्हणजे इथल्या ‘कूसी’चं जुनं जंगल हवं. पायाखाली गुडघ्याएवढी मुस्तिक्काची, म्हणजे रानटी ब्लूबेरीची झुडपं हवीत. ही दोन्ही असतील तर मजल्यांचं मॉस जवळच आहे असं समजा.

हा माझा आडाखा नाही. आइमो कार्लो कायांदेर या फिनिश वनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये जंगलांचे प्रकार ठरवले ते असेच, जमिनीलगत काय उगवतं त्यावरून. झाडं तोडली जातात, लावली जातात, पण खालची झुडपं आणि मॉस त्या मातीचा कस सांगत राहतात, हे त्याचं सूत्र. पुढे तो तीन वेळा देशाचा पंतप्रधान झाला, तरी इथल्या वनखात्यातल्या माणसांना तो आजही मुस्तिक्का-जंगल, पुओलुक्का-जंगल (पुओलुक्का म्हणजे लिंगनबेरी) या नावांमुळेच आठवतो.

मुस्तिक्काच्या जंगलात जमीन ना फार कोरडी, ना चिखलाची. तिथे आपलं मॉस मैदानासारखं पसरतं, दगडांवर चढतं, पडलेल्या ओंडक्यांवर चादर घालतं. पाइनची उघडी, रेताड टेकडी लागली की ते विरळ होतं आणि पांढुरकी दगडफुलं दिसू लागतात. उतारावरून खाली दलदलीकडे गेलात की स्फॅग्नम हे दलदलीतलं मॉस सुरू होतं, पाय ठेवला की पाणी सुटतं. या दोन टोकांच्या मधला पट्टा आपला.

त्या पट्ट्यातही तीन जागा टाळा. स्प्रूसच्या दाट घेराखाली, बुंध्याला लागून, नुसत्या सुया पडलेल्या असतात. बर्च आणि ॲस्पेन जास्त असतील तिथे शरदात पडणारी रुंद पानं मॉसला गुदमरवतात. आणि नुकत्याच सपाट तोडलेल्या जंगलात सावली गेल्यामुळे ते वाळून फिकं पडलेलं असतं. स्प्रूसच्या फांद्यांची सावली संपते त्या कडेला बघा. पावसाचं पाणी फांद्यांवरून ओघळताना जे क्षार घेऊन येतं ते तिथे टपकतं, आणि मॉसचं पोट त्यावरच भरतं. कार्ल ओलोफ ताम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये याच जातीवर अभ्यास करून तिचं पोषण मातीतून कमी आणि वरून पडणाऱ्या पाण्यातून जास्त होतं हे दाखवलं.

आंबोलीला जुलै-ऑगस्टमध्ये गेलेल्यांना मॉस म्हटलं की झाडाचे बुंधे आणि कातळ आठवतील. तिथे ते वर चढतं, आणि पाऊस संपला की आक्रसून महिनोन् महिने वाट बघतं. इथे उलट. जंगलाची जमीनच त्याची. त्यामुळे शोधण्याची सवय बदलावी लागते, नजर बुंध्यावरून खाली आणावी लागते.

एक काडी वेगळी करा

गालिचा वरून एकसंध दिसतो. बोटांनी केस बाजूला करावेत तसा तो हळूच उघडा आणि एकच काडी नजरेने खालपर्यंत धरा. उपटायची गरज नाही. पांढरा कागद मागे सरकवला की आकार स्पष्ट होतो.

आता तीन गोष्टी बघा.

पहिली, मजले. आदल्या वर्षीच्या पिसाच्या पाठीवर, साधारण मध्यावर, एक दांडी वर निघालेली दिसेल आणि तिच्या टोकाला नवं पीस आडवं पसरलेलं असेल. त्या पिसाच्या पाठीवर पुन्हा एक. जिन्यासारखी ही रचना इथल्या जंगलातल्या दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या मॉसमध्ये नाही. ही दिसली की नव्वद टक्के काम झालं.

दुसरी, पिसाची वीण. मुख्य दांडीला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, कधी त्यांनाही अजून बारीक फांद्या. नेच्याच्या पानाची चिमुकली प्रतिकृती वाटते.

तिसरी, खोड. ते लालसर असतं. भिंग लावा आणि खोडावर पानांच्या मधल्या जागेत बघा: हिरव्या, फाटे फुटलेल्या धाग्यांची लव दिसेल. ही लव दिसली की शंका उरत नाही. माझ्या मुलाला पहिल्यांदा भिंगातून ती दिसली तेव्हा “आई, याला केस आहेत!” असं तो एवढ्या जोरात ओरडला की पुढे गेलेली माणसं मागे वळली.

बीजाणूंच्या डब्या मात्र शोधत बसू नका. नर आणि मादी रोपं वेगळी असल्यामुळे त्या नेहमी धरत नाहीत. दिसल्या तर लाल देठावर कललेल्या, तपकिरी.

त्याचे शेजारी

सगळ्यात जास्त गफलत सेइनॅसम्मलशी होते. शास्त्रीय नाव प्लुरोझियम श्रेबेरी. तेही लाल खोडाचं, तेही त्याच जंगलात, बहुतेक वेळा त्याच गालिच्यात मिसळलेलं. पण त्याच्या फांद्या एकेरी असतात, त्यांना उपफांद्या फुटत नाहीत, मजले नसतात आणि खोडावर ती लव नसते. सेइनॅ म्हणजे भिंत. ओंडक्यांची घरं बांधताना दोन ओंडक्यांमधल्या फटीत ही दोन्ही मॉस दाबून भरत, वारा आत येऊ नये म्हणून. स्वीडिश भाषेत तर मजल्यांच्या मॉसचं नावच ‘हूसमोस्सा’ आहे, घराचं मॉस.

सुल्कासम्मल हे शहामृगाच्या पिसासारखं, फिकट पिवळसर हिरवं, फांद्या कंगव्याच्या दातांसारख्या दाट आणि टोकं वळलेली. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. क्युन्सीसम्मल झुपक्यात उभं वाढतं, पानं एका बाजूला नखासारखी वाकलेली. कार्हुनसम्मल, म्हणजे अस्वलाचं मॉस, लहानशा पाइनच्या रोपांचं वन वाटतं.

ब्रिटनमधल्या वाचकांनी थुइडियम टॅमॅरिसिनमकडे लक्ष द्यावं. तेही नेच्यासारखं दोन-तीनदा विभागलेलं, पण त्याला झाक नाही आणि मजलेही नाहीत.

वर्षं मोजायची कशी

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एक मजला म्हणजे एक वर्ष. पण मोजायला बसलं की प्रश्न पडतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

सुरुवात वरून करा. सगळ्यात वर बहुतेक वेळा एक बारीक, उभा, टोकाशी वाकलेला कोंब असतो. तो अपुरा मजला. त्याचं पीस पुढच्या हंगामात उघडून आडवं होणार. वहीत त्याची नोंद वेगळी करा, पूर्ण मजल्यांत धरू नका. आईने “चौथा आत्ता बांधायला घेतलाय” म्हटलं होतं ते यालाच.

त्याच्या खालचं पूर्ण उघडलेलं, तजेलदार हिरवं पीस म्हणजे पहिला पूर्ण मजला. त्याचा देठ जिथे खालच्या पिसाला चिकटतो तिथे बोट ठेवा. तिथून पुढची मोजणी. दुसरा मजला जरा गडद, तिसरा पिवळट तपकिरी, चौथा-पाचवा नुसता सांगाडा, आणि त्याखाली सगळं मातीत मिसळत चाललेलं. हिरवे मजले साधारण दोन-तीनच दिसतात. तपकिरी धरून पाच-सहा मिळाले तर नशीब चांगलं.

याचा अर्थ रोप पाच वर्षांचं आहे असा नाही. आपल्याला दिसते ती फक्त न कुजलेली वर्षं. खालचे मजले विरघळत जातात, वरचे चढत राहतात, आणि ज्या रोपाचा हा शेंडा आहे ते कितीतरी जुनं असू शकतं. म्हणून वहीत ‘वय ५ वर्षं’ असं न लिहिता ‘५ मजले दिसले’ असं लिहा.

दोन ठिकाणी चूक होते. कधी एकाच पिसावरून दोन कोंब निघतात आणि दोन इमारती शेजारी उभ्या राहतात. दोन्हींचे मजले एकत्र मोजले जातात, म्हणून एकच वाट धरा. कधी वरची फांदी पडून किंवा उंदरांनी कुरतडून टोक मोडतं आणि नवा कोंब खालच्या जुन्या मजल्यावरून येतो. मग हिरव्या पिसाच्या थेट खाली अचानक तपकिरी पीस दिसतं. अशी काडी मोजणीतून बाजूला ठेवा. एका जागी किमान दहा काड्या बघितल्या की चित्र बरोबर येतं.

पट्टीने प्रत्येक पिसाची लांबी लिहून ठेवलीत तर आणखी गंमत. काही सेंटिमीटरचंच मोजमाप असतं, पण कोरड्या उन्हाळ्यातलं पीस आखूड आणि ओल्या उन्हाळ्यातलं लांब निघतं. एका वर्षीचा आखूड मजला शेजारच्या सगळ्या काड्यांवर सापडला की त्या वर्षीचा उन्हाळा आठवून बघा.

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात मात्र हे गणित चालत नाही. तिथे हेच मॉस मजले न चढवता सरळ वाढतं. लॅपलंडात उघड्या डोंगरमाथ्यावर गेलात तर हे लक्षात ठेवा.

मजल्यांत साठलेली हवा

मुळं नाहीत, पानांवर मेणाचा थर नाही, त्यामुळे पाऊस आणि धूळ जे आणतील ते हे मॉस पानांनीच घेतं. त्यात शिसं, कॅडमियम, निकेल यांसारखे जड धातूही आले. एकदा आले की ते आत धरून राहतात. १९६८ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या रूलिंग आणि टायलर यांनी हे ओळखून हवेतलं शिसं मोजायला मॉस वापरलं. महागडी यंत्रं जंगलोजंगली बसवण्यापेक्षा मॉस गोळा करणं किती सोपं! तीन वर्षांचे मजले कापून घेतले की तीन वर्षांची सरासरी हातात येते. इतक्या स्वच्छ वर्षखुणा दुसऱ्या कोण देणार?

पुढे हे सर्वेक्षण युरोपभर पसरलं. फिनलंडात ते १९८५ मध्ये सुरू झालं, आणि बऱ्याच युरोपीय देशांत १९९० पासून दर पाच वर्षांनी होत आलं आहे. शिसेयुक्त पेट्रोल बंद होत गेलं तसं मॉसमधलं शिसं उतरत गेलं: १९९० ते २०१० या काळात युरोपात सुमारे तीन चतुर्थांश घट. उलट बाजूही या देशात बघायला मिळते. पश्चिमेच्या हार्यावाल्ता गावी तांबं आणि निकेल वितळवण्याचा कारखाना आहे. त्याच्या अगदी जवळच्या जंगलात पाइन उभे आहेत, पण वर्षानुवर्षं साठलेल्या धातूंमुळे खालचा मॉसचा गालिचा नाहीसा झालेला होता.

नमुने घ्यायचे नियम मुद्दाम सांगते, कारण त्यातून जागा कशी निवडायची ते कळतं. झाडाच्या घेरापासून किमान ३ मीटर दूर, म्हणजे वरून टपकणारं पाणी हिशेबात येणार नाही. मोठ्या रस्त्यापासून, वस्तीपासून, कारखान्यापासून किमान ३०० मीटर. छोट्या रस्त्यापासून आणि घरापासून १०० मीटर. सुमारे ५० बाय ५० मीटरच्या जागेतून पाच ते दहा ठिकाणचं थोडं थोडं मॉस घेऊन एकत्र करायचं. हातात मोजे, आणि गोळा करताना धूम्रपान बंद. मगाशी मी मॉस शोधायला स्प्रूसच्या कडेला जा म्हटलं, आणि मोजणारे मात्र तिथून दूर सरकतात, त्याचं कारण एकच: ते टपकणारं पाणी.

हात कुठे आखडायचा

फिनलंडात कोणाच्याही जंगलात फिरता येतं, बेरी आणि अळंबी खुडता येतात. मॉस मात्र त्या हक्कात बसत नाही. जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय ते उचलायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात तर प्रश्नच नाही. बघा, फोटो काढा, उघडलेला गालिचा हाताने पुन्हा सारखा करा.

घरी बरणीत लावायचा मोह मलाही झाला होता. एका सहकाऱ्याच्या उन्हाळी घराच्या आवारातून, त्यांना विचारून, मूठभर आणलं. काचेच्या बरणीत, खिडकीत ठेवलं, रोज पाणी फवारलं. दोन महिन्यांत नवे कोंब लांब, पांढुरके, लुळे आले आणि हिवाळ्यात खोली तापवायला लागल्यावर सगळं पिवळं पडलं. त्याला थंड, मोकळी हवा आणि बर्फाखालची झोप लागते, ती घरात मिळत नाही. मला त्या मूठभर मॉसचं अजूनही वाईट वाटतं, म्हणून आवर्जून सांगते, आणू नका.

दोरा बांधून ठेवा

नोंद करायची असेल तर तारीख, जागा, आसपासची झाडं, दहा काड्यांचे मजले आणि तीन फोटो पुरेत: गालिच्याचा वरून, एका काडीचा बाजूने, आणि भिंगातून खोडाचा. फिनलंडातली निरीक्षणं लायी डॉट एफआय (laji.fi) या संकेतस्थळावर कोणालाही नोंदवता येतात. इतर देशांत आयनॅचरलिस्ट (iNaturalist) हे निरीक्षणं नोंदवायचं ॲप चालतं.

आणि आवारात परवानगी असेल तर हे करून बघा. पूर्ण उघडलेल्या सगळ्यात वरच्या मजल्याच्या देठाला रंगीत शिवणाचा दोरा सैलसर गुंडाळा, घट्ट गाठ मारू नका. शेजारी एक काडी रोवून तिच्यावर तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात जा.

त्याच सहकाऱ्यांच्या आवारात आईने जूनमध्ये पाच काड्यांना लाल दोरा बांधला आणि ती परत गेली. पुढच्या जूनमध्ये मी व्हिडिओ कॉल लावून फोन मॉसच्या पातळीला धरला. तीन दोऱ्यांच्या वर एक एक उघडलेलं पीस आणि त्यावर नवा कोंब होता. चौथ्याचं टोक कशाने तरी कुरतडलं होतं. पाचवा सापडेना. “खाली बघ, डावीकडे,” आई म्हणाली. पाचवा तिथेच होता, स्प्रूसच्या सुयांखाली, आणि त्याच्यावर एकाऐवजी दोन कोंब आले होते.

दोरा बांधलेला मजला तपकिरी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तोवर मोजत राहा, मग वरच्या मजल्यावर नवा दोरा बांधा.